शब्दांचा वारसदार कोण?

बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला कागदाविषयी एक वेगळीच दृष्टी येते. बाहेरच्या माणसाला वाटते, बँक म्हणजे पैशांचा व्यवहार. प्रत्यक्षात तो बराचसा कागदाचाच व्यवहार असतो. पैसा येतो आणि जातो; मागे उरते ते व्हाउचर, लेजरमधली नोंद आणि त्या नोंदीखाली कुणाची तरी सही. हे कागद किती काळ जपायचे याचेही नियम आहेत. केंद्र सरकारने १९८५ साली केलेल्या नियमांनुसार काही कागद पाच वर्षे, तर काही आठ वर्षे जपावे लागतात. मुदत संपली की यादी करायची, वरिष्ठांची मंजुरी घ्यायची आणि मगच ते कागद नष्ट करायचे. म्हणजे नष्ट करण्यालाही शिस्त असते आणि काय नष्ट केले, याची नोंद मागे राहते.

मी आयुष्यभर दोन प्रकारचे लिखाण केले. दिवसा बँकेचे आणि रात्री कादंबरीचे. पहिल्या प्रकारच्या लिखाणाची काळजी घ्यायला एक सबंध यंत्रणा उभी होती. दुसऱ्या प्रकारच्या लिखाणाचे पुढे काय होणार, हा प्रश्न मात्र मला कुणी कधी विचारला नाही. लेखकाने लिहावे, प्रकाशकाने छापावे, वाचकाने वाचावे आणि मग एके दिवशी रद्दीवाल्याने तराजू घेऊन यावे, असा हा क्रम ठरूनच गेला आहे. अलीकडे साहित्याच्या समारंभांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘आता सगळे संगणकावर आले, आता काही हरवणार नाही.’ टाळ्याही पडतात. माझ्या मते हे वाक्य धोक्याचे आहे. तसे का वाटते, ते सांगतो.

माझी एक कादंबरी १९९६ साली निघाली. खिळे जुळवण्याचे दिवस संपून डीटीपीचे आले होते. पुढे पंचवीसएक वर्षांनी प्रकाशकांच्या मनात नवी आवृत्ती काढायचे आले. त्यांनी जुन्या फ्लॉप्या नीट जपल्या होत्या, ही कौतुकाची गोष्ट. फ्लॉपी वाचणारे यंत्र मिळवण्यात आठवडा गेला. फाइल उघडलीही. आणि पडद्यावर काय दिसावे? इंग्रजी अक्षरे, कंस, टिंबे आणि कसल्याकसल्या चिन्हांची रांगोळी! माझी सव्वादोनशे पाने तिथे होती. पण त्यातले एकही वाक्य वाचता येत नव्हते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी मराठी अक्षरे संगणकावर आणण्यासाठी ज्याने त्याने आपापला फॉन्ट तयार केला होता. संगणकाला ‘क’ माहीतच नसे. तो इंग्रजीचे एखादे अक्षर साठवी आणि त्या अक्षराला ‘क’चा मुखवटा चढवी. पहिली वेलांटी जशी कागदावर आधी दिसते तशीच आधी साठवली जाई. रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, सारी नुसती चित्रे. मुखवटा काढला की खाली उरते ती रांगोळी. इस्की हे भारतीय लिप्यांचे मानक १९९१ साली ठरले होते. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळाली. युनिकोडमध्ये ‘क’ म्हणजे जगात सगळीकडे ‘क’च. पण छपाईच्या दुकानांतून जुने फॉन्टच पुढे कित्येक वर्षे चालत राहिले. म्हणजे साधारण १९९० नंतरच्या दीड-दोन दशकांत छापले गेलेले मराठी साहित्य, दिवाळी अंक, स्मरणिका, गावोगावची नियतकालिके, यांच्या मूळ फाइली याच अवस्थेत कुठल्या तरी कपाटात पडून आहेत. रूपांतर करून देणाऱ्या प्रणाली आहेत, पण जोडाक्षरांपाशी त्या अडखळतात आणि मग ओळ न् ओळ तपासावी लागते.

शेवटी ती कादंबरी छापील प्रतीवरून पुन्हा टंकलिखित करावी लागली. माझ्याजवळच्या प्रतीचा शेवटचा फर्मा वाळवीने खाल्लेला. तेव्हा एका तालुक्याच्या ग्रंथालयातून प्रत मागवली. पुठ्ठा बदललेली, पाने पिवळी पडलेली आणि कुणी तरी पेन्सिलीने खुणा केलेली प्रत. पण पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचता येत होती. कागद मोठा आणि संगणक खोटा, असे मला यातून सुचवायचे नाही; कागदाचे वैरी मी घरातच पाहिले आहेत. मला दिसले ते एवढेच, की वस्तू शाबूत राहणे वेगळे आणि ती वाचता येणे वेगळे.

हा अनुभव मराठी माणसाला नवा नाही. मोडीचे काय झाले, ते आठवून पाहा. शतकानुशतके आपला सारा कारभार मोडीत चालला. छपाईला बाळबोध सोयीची पडली, पुढे शाळेतूनही मोडी गेली आणि दोन पिढ्यांत ती वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही मोडी कागद आहेत. कागद टिकला, शाई टिकली. तोकडे पडले ते वाचणारे. मी एका ग्रामीण शाखेत असताना एक शेतकरी कर्जासाठी आजोबांचे खरेदीखत घेऊन आला होता. सगळे मोडीत. शाखेतल्या एकालाही अक्षर लागेना. शेवटी गावातल्या एका निवृत्त तलाठ्यांना बोलावले. त्यांनी चष्मा पुसून ते खत घडाघडा वाचून दाखवले, तेव्हा त्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर आलेली हुशारी मला अजून दिसते. स्वतःच्याच घरातला कागद तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होता.

डिजिटल प्रकाशनाचे गुण मी नाकारीत नाही. माझ्या वयाच्या वाचकाला अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, ही एकच गोष्ट किती मोलाची! किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली. मेलबर्नला राहणाऱ्या सुनेने सासूबाईंच्या आवडीची कादंबरी रात्री मागवावी आणि रात्रीच वाचायला घ्यावी, हे पूर्वी शक्य नव्हते. वाईला बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या मराठी विश्वकोशाचा पाया घातला, तो आज खेड्यातला विद्यार्थी मोबाइलवर उघडू शकतो. पहिल्या कादंबरीसाठी प्रकाशकांच्या पायऱ्या झिजवणारा तरुण आज आपले लिखाण स्वतःच लोकांपुढे ठेवू शकतो. पोहोचवण्याच्या बाबतीत या माध्यमाला तोड नाही.

पण पोहोचवणे म्हणजे जपणे नव्हे. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या काही ई-प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकल्या. विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते, हे कारण. पैसे परत दिले, कंपनीने पुढे माफीही मागितली. पण विकत घेतलेले पुस्तक दुकानदार रात्रीतून घरात शिरून घेऊन जाऊ शकतो, हे त्या दिवशी जगाला कळले. त्यातली एक कादंबरी होती ‘१९८४’, ज्यात सरकार जुने कागद नाहीसे करत राहते! मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले, तेव्हा ग्राहकांचे पैसे परत मिळाले, पुस्तके मात्र गेली. जिओसिटीज या ठिकाणी असंख्य सामान्य लोकांनी हौसेने लिहिलेली पाने होती. ऑक्टोबर २००९ मध्ये ती सेवा बंद झाली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जमतील तेवढी पाने उतरवून घेतली, म्हणून निदान काही भाग वाचला. धंदा करणाऱ्याने धंदा बंद करू नये, असे कोण म्हणेल? बँकेचीही शाखा बंद होतेच. पण शाखा बंद होताना खातेदारांची खाती दुसऱ्या शाखेकडे वर्ग होतात. शब्दांची खाती कुणाकडे वर्ग होणार, एवढाच माझा सवाल आहे.

आपल्याकडचे जुने शब्द टिकले कसे, हे पाहिले की उत्तराची दिशा सापडते. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि अनुयायांनी आठवून आठवून ती पुन्हा लिहिली, असे महानुभाव परंपरा सांगते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तीनशे वर्षांत पुष्कळ अपपाठ शिरले होते. एकनाथांनी १५८४ साली त्या पडताळून शुद्ध प्रत तयार केली. तुकोबांची गाथा इंद्रायणीतून तरली ही आपली श्रद्धा. त्याच गाथेशी संताजी जगनाड्यांसारख्या टाळकऱ्यांची नावे जोडलेली आहेत, ज्यांनी ते अभंग आपल्या वह्यांत उतरवून ठेवले. आणि बहिणाबाई चौधरी? त्या लिहायला शिकल्या नव्हत्या. शेतात, जात्यावर सुचलेली गाणी मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी टिपून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. ती वही आचार्य अत्र्यांच्या नजरेस पडली आणि १९५२ साली गाणी छापून आली. ती वही कुणी चुलीपुढे टाकली असती तर? मराठीला आपण काय गमावले हेसुद्धा कळले नसते.

या सगळ्या कथांत समान काय आहे? एक प्रत नव्हे, पुष्कळ प्रती. एक ठिकाण नव्हे, पुष्कळ ठिकाणे. आणि मुख्य म्हणजे, हे आपले काम आहे असे मानणारे कुणी तरी माणूस.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सगळेच कशाला जपायचे? रोज इतके लिहिले जाते, त्यातले बरेचसे विसरण्याच्याच लायकीचे असते. बँकसुद्धा आठ वर्षांनी कागद नष्ट करतेच ना? खरे आहे. सगळे जपता येणार नाही आणि जपूही नये. लेखकाने फाडून टाकलेला खर्डा फाटलेलाच राहू द्यावा, या मताचा मी आहे. पण निवड करताना थोडी नम्रता हवी. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांतून कागद गोळा करत हिंडले. १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, पुढे असे बावीस खंड झाले. पहिल्या खंडात पानिपतापर्यंतच्या काळातली पत्रे आहेत. ती लिहिणारे काही इतिहास घडवतोय म्हणून लिहीत नव्हते. पैसा, कर्ज, फौजेची हालहवाल असा रोजचा मजकूर. तो ज्यांच्या माळ्यावर पडला होता, त्यांतल्या कित्येकांना ती अडगळ वाटत होती. आज काय अडगळ आहे हे आपल्याला ठाऊक आहे. दीडशे वर्षांनी कशाची गरज पडेल हे ठाऊक नाही.

आणि जिथे वस्तू जपणे शक्य नसेल, तिथे निदान यादी तरी करावी. शंकर गणेश दाते या गृहस्थांनी १८०० पासून १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची दोन भागांत तयार केली. ग्रंथालये पालथी घातली, पुस्तके हातात घेऊन नोंदी केल्या. आज अमुक पुस्तक एके काळी होते, हे आपण छातीठोकपणे सांगतो ते पुष्कळदा त्यांच्या भरवशावर. ई-पुस्तकांची, संगणकावरच निघालेल्या दिवाळी अंकांची अशी सूची आज ना उद्या कुणाला तरी करावीच लागेल, आणि जितका उशीर होईल तितक्या नोंदी गळतील.

आता कायद्याचे पाहू. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकावर बंधन घातले की छापलेल्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवावी. कायदा चांगला, पण तो झाला तेव्हा कागदाशिवाय पुस्तक असू शकते हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. ब्रिटनने २०१३ साली नियम करून डिजिटल प्रकाशनेही आपल्या राष्ट्रीय ठेव्यात आणली. आपल्याकडेही अशी स्पष्ट तरतूद हवी आणि तिची अंमलबजावणी हवी.

दुसरी अडचण हक्कांची. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लिखाणावर वारसांचा हक्क असतो. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांनी प्रसिद्ध केलेली पुस्तके २०११ पासून सर्वांना खुली झाली. ‘श्यामची आई’ला या काळात वाचकांनी मरू दिले नाही. पण ज्याच्या दोन आवृत्त्या निघाल्या आणि नंतर विसर पडला, अशा लेखकाचे काय? पुस्तक बाजारात नाही. काढायला कुणी तयार झाला तर परवानगी कुणाची घ्यायची ते कळत नाही. मुलगी बंगळुरूत, नातू टोरांटोत, आणि आजोबांच्या नावावर असा काही हक्क आहे हे त्यांना माहीत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना आपल्याकडच्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत करून ठेवण्याची मुभा दिली, ही चांगली गोष्ट झाली. मात्र जपून ठेवलेली प्रत सर्वांना वाचायला देणे ही पुढची पायरी, आणि तिथे पुन्हा वारस आठवतो.

बँकेत याला आम्ही बेवारस ठेव म्हणत असू. दहा वर्षे ज्या खात्यात व्यवहार नाही, त्यातली रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. पण तिच्यावरचा हक्क बुडत नाही. खरा वारस कधीही येऊ शकतो. २०२३ साली रिझर्व्ह बँकेने ‘उद्गम’ नावाची सोय केली. निरनिराळ्या बँकांतल्या अशा ठेवी तिथे एका जागी शोधता येतात. पाच-पाचशे रुपयांच्या ठेवींसाठी देशाने एवढी व्यवस्था केली. मराठीतल्या बेवारस पुस्तकांसाठी असे एखादे ‘उद्गम’ का असू नये? पुस्तकाचे नाव, लेखक, साल, प्रत कुठे आहे, हक्क कुणाकडे आहे, पाच रकाने. साहित्य संस्था, विद्यापीठे आणि ग्रंथालये यांनी मनावर घेतले तर हे अशक्य नाही. ठेवीच्या अर्जावर आम्ही नॉमिनेशनचा रकाना भरल्याशिवाय खातेदाराला उठू देत नसू. प्रकाशकांनी करारपत्रात तसाच एक रकाना घालावा आणि लेखकांनी मृत्युपत्रात फ्लॅटच्या ओळीखाली पुस्तकांचीही एक ओळ लिहावी. आपल्या मागे हे लिखाण सर्वांना खुले व्हावे असे वाटत असेल, तर तसेही लिहून ठेवावे. मी माझ्यापुरते लिहून ठेवले आहे. वकिलांना थोडे नवल वाटले, पण त्यांनी ते टंकून दिले.

मग जतन कशासाठी, हा प्रश्न उरतो. लेखकाच्या कीर्तीसाठी म्हणाल, तर ते मला पटत नाही. माझ्या कादंबऱ्या शंभर वर्षांनी कुणी वाचेल असा माझा गैरसमज नाही. पण १९८० च्या दशकात बँकेत संगणक येणार म्हणून कारकून काय बोलत होते, कर्जाच्या हप्त्यासाठी घरातल्या बाईने कुठला दागिना काढून दिला, हे कुणाला तरी एक दिवस जाणून घ्यावेसे वाटेल. त्याला ते माझ्याकडून नाही तर आणखी कुणाकडून तरी मिळावे. त्या अनोळखी माणसाला सापडेल, वाचता येईल आणि वापरायची मुभा असेल असे ठेवणे म्हणजे जतन. यातले एक जरी कमी पडले, तरी ती नुसती साठवण.

हे काम सरकारवर आणि संस्थांवर सोडून आपण मोकळे होऊ शकत नाही, कारण प्रत्येक घरात थोडे दप्तर असतेच. आजीची ओव्यांची वही, आजोबांचा जमाखर्च, मामांनी सीमेवरून पाठवलेली पत्रे, वडिलांनी संगणकावर लिहिलेल्या आणि आता न उघडणाऱ्या आठवणी. जुनी फाइल असेल तर ती उघडणारा माणूस आजच शोधा आणि मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या. एक प्रत घरी ठेवा, एक परगावच्या नातेवाइकाकडे आणि एक कागदावर छापून. गावाविषयीचे काही असेल तर गावच्या ग्रंथालयाला विचारा. आणि यातले काहीच जमणार नसेल, तर रविवारची दुपार आहे, फोटोंचा डबा काढा. घरातले वडीलधारे अजून ओळखू शकतात तोवर, प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नाव आणि साल लिहून ठेवा.